कायटिनेज कॉलमात शिरलं आणि गायब झालं, कुठं शोधू?

जांबोटीकर:
नमस्कार मंडळी. बेळगावात पीएचडी करतेय, विषय ट्रायकोडर्मा बुरशीचं कायटिनेज (कायटिन तोडणारं एन्झाइम) शुद्ध करून त्याचे गुणधर्म काढणं. गाईड सध्या परगावी आहेत आणि लॅबमधे प्रोटीनचं काम केलेलं दुसरं कुणी नाही, म्हणून इथं टाकतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बुरशी आमच्याच भागातल्या काजूच्या बागेतल्या मातीतली आहे. तिला दुसरी कुठलीही साखर न देता फक्त अर्धा टक्का कोलॉइडल कायटिन घालून क्षारांच्या मीडियात वाढवली, २८ डिग्रीला, शेकरवर. ग्लुकोज दिलं की ही बया कायटिनेज बनवायचंच बंद करते, आयतं मिळतंय तर कशाला राबा! चार-पाच दिवसांनी गाळून, थंड सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घेतलं. एन्झाइम बाहेरच सोडते त्यामुळं पेशी फोडायची भानगड नाही.

मग ८० टक्के अमोनियम सल्फेट, खाली बसलेला साका थोड्या बफरात विरघळवला, डायलिसिस केलं. इथपर्यंत सगळं मस्त, सत्तर टक्क्यांच्या आसपास ॲक्टिव्हिटी हातात होती. मग डीईएईचा कॉलम भरला (त्याला प्रोटीन विद्युतभारानं चिकटतं, मीठ वाढलं की एकेक सुटतं), ट्रिस बफर, मिठाचं प्रमाण हळूहळू चढवत नेलं आणि २८० नॅनोमीटरला दोन सुंदर पीक आले, एकमेकांपासून चांगले लांब. मी खूश. आणि डीएमएबीनं, म्हणजे साखरेला रंग देणाऱ्या रिएजंटनं, ॲक्टिव्हिटी मोजायला गेले तर दोन्हीत जेमतेम काहीतरी! सगळ्या फ्रॅक्शनची बेरीज केली तरी कॉलमात घातलं होतं त्याच्या दहावा हिस्सा पण भरत नाही. फ्लो-थ्रू (न चिकटता वाहून गेलेलं) मोजलं, वॉश मोजला, तिथं नाही. कॉलमला चिकटून बसलं असेल म्हणून १ मोलर मिठानं धुतला तरी काही उतरलं नाही. ब्रॅडफर्डनं प्रोटीन मोजलं तर ते मात्र बहुतेक सगळं परत आलंय. प्रोटीन आहे आणि काम नाही, असं कसं?

टिळकवाडी_कट्टा:
आधी आमच्यासारख्या आर्ट्सवाल्यांसाठी सांगा. कायटिन म्हणजे ते खेकड्याच्या कवचातलं का?

जांबोटीकर:
हो दादा, तेच. खेकडा, कोळंबी, झुरळ, हुमणी, सगळ्यांच्या अंगावरचं कवच, आणि बुरशीच्या पेशीची भिंत पण. नॅचरल पॉलिमरमधे सेल्युलोजच्या खालोखाल याचाच नंबर. गंमत म्हणजे ते पहिल्यांदा सापडलं ते अळंबीत, १८११ साली, ब्राकोनो नावाच्या फ्रेंच माणसाला. एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन नावाच्या साखरेच्या कड्या एकीला एक जोडून लांबच्या लांब साखळी झालेली असते, आणि अशा साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून बसतात की पाण्यात विरघळायचं नावच नाही. कायटिनेज ही साखळी तोडतं.

विरघळत नाही म्हणूनच कोलॉइडल करावं लागतं. मी कवचं बाजारातून आणली, गोव्याहून-मालवणाकडून मासळी येते तिथं कोळंबी सोलून टाकलेली ढिगानं पडलेली असते, बायका म्हणाल्या ने की बाई फुकट. आधी पातळ ॲसिडनं त्यातला चुना काढायचा, मग कॉस्टिकनं प्रोटीन काढायचं, मग वाळवून पूड. ही पूड कडक हायड्रोक्लोरिक ॲसिडात थंडीत रात्रभर ढवळत ठेवायची, आधी चिकट तपकिरी काढा होतो, आणि तो बर्फाच्या पाण्यात ओतला की एकदम पांढराशुभ्र, घट्ट दह्यासारखा फाटून वर येतो. ते बघायला छान वाटतं पण नंतरचं धुणं! पीएच पाचच्या वर येईपर्यंत धुवत बसायचं, सेंट्रिफ्यूजच्या बाटल्या लहान, वास केसात बसतो, होस्टेलच्या मुली जेवणाच्या टेबलावरून उठून गेल्या होत्या.

वेदगंगाकाठ:
ताई मी निपाणीकडचा, तंबाखू आणि मिरचीची नर्सरी हाय आमची. तुमचं ते कॉलम बिलम काय कळालं न्हाई पण ट्रायकोडर्मा आमी पण वापरतोय, शेणखतात मिसळून. मला सांगा, ही बुरशी दुसऱ्या बुरशीला खातीया ते या एन्झाइमनंच न्हवं? मग बुरशी कशाला टाकायची, नुसतं एन्झाइमच काढून बाटलीत भरून द्या की आमाला, फवारून मोकळं. बुरशी जगली न्हाई जगली त्याचा ताप तरी न्हाई.

शहापूरकर:
काका तुमचा प्रश्न भारी आहे, पण आधी ताईचं निस्तरू.

मी फार्मा कंपनीत क्यूसीला आहे, एन्झाइमवर थेट काम नाही पण कॉलमवर आयुष्य चाललंय. माझ्या मते तीन शक्यता. एक, प्रोटिएज. बुरशी कायटिनेजबरोबर प्रोटीन कापणारी एन्झाइमं पण सोडते, त्यांना रोखायला पीएमएसएफ घातलं होतंस का? दोन, लाईट. आमच्याकडं या महिन्यात दुपारची लाईट किती वेळा गेली त्याचा हिशेब नाही, फ्रिजमधल्या डायलिसिसच्या पिशवीचं काय झालं असेल बघ. तीन, एखादा को-फॅक्टर, मेटल आयन वगैरे, डायलिसिसमधे निघून गेला असेल.

जांबोटीकर:
पीएमएसएफ होतं सर. डायलिसिसनंतर मोजलंय आणि तेव्हा ॲक्टिव्हिटी होती, म्हणजे लाईट आणि मेटल दोन्ही तिथंच कटाप. जे काय झालं ते कॉलमवरच झालं. आणि ट्रिस बफरात नुसतं तितकाच वेळ ठेवून पण बघितलं, मरत नाही.

टिळकवाडी_कट्टा:
मला तर हा खुनाचा तपास वाटायला लागलाय. प्रेत आहे, जखम नाही.

धारवाडी_पेढा:
प्रेत नाही हो, दोघंही जिवंत आहेत. पोरी, तू डीएमएबीनं मोजतेस ना, मग घोळ मोजण्यात आहे, एन्झाइममधे नाही. मी धारवाडला बरीच वर्षं हेच शिकवलं, आता रिटायर आहे, हातात वेळ आहे, त्यामुळं सविस्तर लिहितो.

कायटिनेज हे एकवचनी नाव फसवं आहे. ट्रायकोडर्मा असली कितीतरी एन्झाइमं एकाच वेळी सोडते. ढोबळ मानानं दोन गट धर. एक गट साखळीच्या मधे कुठंही कापतो, एन्डो. हर्झियानम या ट्रायकोडर्माच्या जातीतलं त्यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं ४२ किलोडाल्टनचं (हे रेणूचं वजन). हा कापतो तेव्हा सुटी साखर क्वचित निघते, दोन कड्यांचे, तीन कड्यांचे तुकडे निघतात. दुसरा गट एक्झो, एन-ॲसिटिल ग्लुकोसामिनिडेज, ७३ किलोडाल्टनच्या आसपास. हा अख्ख्या साखळीच्या गठ्ठ्यावर फारसं काही करू शकत नाही, पण लहान तुकडे दिलेस की टोकाची एकेक कडी पटापट सोडवतो.

आता डीएमएबीचं रसायन आठव. जांभळा रंग येतो तो सुट्या एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइनला. त्यासाठी साखरेचा चौथा कार्बन मोकळा लागतो. दोन कड्यांच्या तुकड्यात शेवटच्या कडीचा नेमका चौथा कार्बन पुढच्या कडीला बांधलेला असतो, म्हणजे तिथं रंगच येत नाही, आला तर नावापुरता. म्हणजे तुझ्या पहिल्या पीकमधे समजा एन्डो आहे. तो बिचारा नळीत धडाधड कापतोय, तुकड्यांचा खच पडलाय, आणि तुझं रिएजंट आंधळं. दुसऱ्या पीकमधे एक्झो आहे, तो चालू आहे, पण त्याला कुणी तुकडे करून देणारं नाही. अर्कात दोघं एकत्र होते तेव्हा रंग येत होता. तू कॉलमनं त्यांची फारकत केलीस आणि दोघंही निकामी दिसायला लागले.

उद्या एवढंच कर. पहिल्या पीकमधलं थोडं, दुसऱ्यातलं थोडं, एका नळीत. शेजारी दोन नळ्या, प्रत्येकाचं तितकंच एकेकट्याचं, बाकीची जागा बफरनं भर. आणि त्याच तिन्ही नळ्या डीएनएसनं पण वेगळ्या मोज, कारण डीएनएसला चौथ्या कार्बनचं सोयरसुतक नाही, तो प्रत्येक तुकड्याचं मोकळं टोक मोजतो. न उकललेलं कायटिन सेंट्रिफ्यूज करून काढल्याशिवाय रीडिंग घेऊ नकोस, नाहीतर गढूळपणाच मोजशील. आणि स्टँडर्ड एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइनचाच लाव, ग्लुकोजचा नको, डीएनएस दोघांना सारखा रंग देत नाही.

शहापूरकर:
च्यायला. पेढेवाले सर, दंडवत.

धारवाडी_पेढा:
अरे दंडवत कसला, हे जुनं आहे. पूर्वीचे लोक म्हणूनच एन्डोची परीक्षा करताना नळीत गोगलगायीच्या पोटातलं एन्झाइम मुद्दाम जादा घालायचे, तुकड्यांची सुटी साखर करून घ्यायला. हल्लीच्या पेपरात ती ओळ गळते आणि पोरं अडकतात.

डीएनएसचं नाव निघालंच आहे तर सांगतो. ते रिएजंट जेम्स सम्नरचं, डायबेटिसवाल्यांच्या लघवीतली साखर मोजायला त्यानं काढलेलं. हाच तो माणूस ज्यानं १९२६ साली जॅकबीनपासून, आपल्या अबईच्या भाऊबंदातली शेंग, युरिएजचे स्फटिक काढून दाखवले आणि एन्झाइम म्हणजे प्रोटीनच असतं हे पहिल्यांदा ठाम सांगितलं. वीस वर्षांनी, १९४६ ला नोबेल मिळालं. सतराव्या वर्षी शिकारीत डावा हात गेला होता, आणि तो मूळचा डावखुरा. एका हातानं केलं सगळं. आमच्याकडं पोरं दोन हातांनी पिपेट भरत नाहीत.

टिळकवाडी_कट्टा:
शेवटच्या वाक्यात धारवाडचं पाणी दिसलं.

अथणीकर_ॲग्री:
वाचतोय. वेदगंगाकाठ काकांचा प्रश्न राहिलाय म्हणून मी थोडं लिहितो, बीएस्सी ॲग्री आहे, घरचा ऊस आहे.

काका, तुमच्या नर्सरीत रोपं बुडातून मऊ पडून आडवी होतात तोच त्रास ना? तंबाखूच्या गादीवाफ्यावर तो बहुतेक वेळा पिथियमचा असतो. आणि पिथियम ही दिसायला बुरशी असली तरी खरी बुरशी नाही. तिची भिंत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकनची, कायटिन जवळजवळ नाहीच. म्हणजे ताईनं उद्या शंभर टक्के शुद्ध कायटिनेज बाटलीत भरून दिलं तरी तुमच्या वाफ्यावर ते काही करणार नाही, त्याला तोडायला तिथं काही नाहीच. कार्बेन्डाझिम पण पिथियमवर चालत नाही, दुकानदार देतात आणि आपण मारतो. ट्रायकोडर्माचा तिथं उपयोग होतो तो तिच्या बाकीच्या कामांमुळं, ग्लुकन तोडणारी एन्झाइमं आहेत, जागा आणि अन्न आधी बळकावते, काही विषारी रसायनं सोडते, रोपाची स्वतःची ताकद जागी करते. बुरशी आख्खी टाकली तर हे सगळं येतं, बाटलीत फक्त एक तुकडा येईल.

वेदगंगाकाठ:
आँ? बुरशी न्हाई ती? आमी तर इतकी वर्सं बुरशीचंच औषध घालालोय. आणि ट्रायकोडर्मा आणि कार्बेन्डाझिम दोनी एकदमच भिजवतोय, डबल ताकद म्हणून.

अथणीकर_ॲग्री:
काका ते लगेच बंद करा. कार्बेन्डाझिमनं ट्रायकोडर्माच मरते. एका हातानं पेरून दुसऱ्यानं उपटल्यासारखं होतंय. ट्रायकोडर्मा शेणखतात मुरवून घ्या, शंभर किलो चांगल्या कुजलेल्या खताला एक किलो, ओलावा ठेवून सावलीत झाकून आठवडाभर, मधे एकदा खालीवर करायचं, मग वाफ्यात. पुडीवर कंपनीनं काय छापलंय ते पण वाचा, १ टक्का पावडरीत ग्रॅमला निदान वीस लाख जिवंत पेशी असायला लागतात आणि मुदत संपली की त्या नसतात. उन्हात दुकानाच्या पायरीवर मांडलेली पुडी घेऊच नका.

मर रोग मात्र वेगळा, हरभऱ्याचा वगैरे, तो फ्युजेरियमचा, ती खरी बुरशी आणि तिच्या भिंतीत कायटिन आहे. तिथं ताईचं एन्झाइम कामाचं.

धारवाडी_पेढा:
अथणीकर, छान लिहिलंत. फक्त एक भर. फ्युजेरियमच्या भिंतीत पण कायटिन उघडं पडलेलं नसतं, त्याच्यावर ग्लुकन आणि प्रोटीनचे थर असतात. तसंच हुमणीचं. मेटारायझियम ही किडीला मारणारी बुरशी हुमणीच्या कातडीतून आत शिरते तेव्हा आधी प्रोटिएज काम करतं, कातडीतलं प्रोटीन खरवडून झालं की मग कायटिन हाताला लागतं. १८७९ साली मेच्निकोव्हनं गव्हावरच्या भुंगेऱ्यावर मेटारायझियम वापरून बघितली तेव्हा त्याला एन्झाइमं माहीत नव्हती, बुरशी पुरेशी होती.

जांबोटीकर:
सर्र्र!! झालं!! दोन्ही एकेकटी जेमतेम ब्लँकच्या वर आणि मिक्स केलेली नळी गडद जांभळी, डायल्यूट करून वाचायला लागली. डीएनएसला पहिलं पीक एकटंच जोरात आहे, दुसरं फारसं नाही. म्हणजे पहिलं एन्डो, दुसरं एक्झो, तुम्ही म्हणालात तस्सं. मी गाईडना फोन केला तर ते म्हणाले कोण आहेत हे धारवाडचे, आपल्याला व्हायवाला बोलवता येतील का.

आता प्रश्न असा की प्युरिफिकेशनचा तक्ता कसा लिहू? कॉलमच्या आधीची सगळी युनिटं डीएमएबीची आहेत.

धारवाडी_पेढा:
व्हायवाला नको, मी चांगलं बोलत नाही पोरांशी.

तक्ता. प्रत्येक एन्झाइमला त्याची त्याची परीक्षा लाव आणि पहिल्या पायरीपासून लाव. एक्झोसाठी पॅरा-नायट्रोफिनाइल जोडलेली साखर मिळते, एन्झाइमनं सोडवली की सोडियम कार्बोनेट घातल्यावर पिवळा रंग, ४०५ ला वाच. एन्डोसाठी कोलॉइडल कायटिन आणि डीएनएस. मूळ अर्क, अमोनियम सल्फेटचा साका, डायलिसिसनंतरचं, प्रत्येकाचं थोडं थोडं राखून ठेवलं असशीलच, ते सगळं या दोन्ही पद्धतींनी परत मोज. दोन स्वतंत्र तक्ते कर. वरच्या ओळीला एक पद्धत आणि खालच्या ओळीला दुसरी असं केलंस तर यील्ड (किती हाती उरलं) आणि फोल्ड (किती पट शुद्ध झालं) दोन्हीला काडीचा अर्थ नाही. अर्कात एक सावधगिरी, तिथं डीएनएसला उकळलेल्या अर्काचा ब्लँक लाव, नाहीतर बुरशीनं वाढताना आधीच सोडवून ठेवलेली साखर पण तुझ्या खात्यात जमा होईल.

ज्यांना हे आकडे नवीन आहेत त्यांच्यासाठी उदाहरण, आकडे काल्पनिक. अर्कात समजा ५०० मिलिग्रॅम प्रोटीन आणि १००० युनिट. म्हणजे मिलिग्रॅमला २ युनिट. शेवटी कॉलम वगैरे करून ४ मिलिग्रॅम प्रोटीन उरलं आणि २४० युनिट. मिलिग्रॅमला ६०. म्हणजे शुद्धता तीसपट, यील्ड २४ टक्के. शेकडा शहात्तर युनिटं वाटेत सांडली, आणि हे चांगलं काम समजतात.

वेदगंगाकाठ:
अमोनियम सल्फेट म्हंजे आमचं खताचंच काय वो सर?

धारवाडी_पेढा:
तेच. तुम्ही २० टक्के नायट्रोजनसाठी घालता, आम्ही प्रोटीनचं पाणी पळवायला. मीठ इतकं घालायचं की पाणी सगळं मिठाभोवती अडकतं आणि प्रोटीन एकमेकांना चिकटून खाली बसतं. शून्य डिग्रीला ८० टक्क्यांसाठी लिटरला ५१६ ग्रॅम लागतं, २५ डिग्रीला ५६१. पोरं तक्ता एका तापमानाचा बघतात आणि काम दुसऱ्याच तापमानाला करतात. खताचं पोतं मात्र लॅबमधे नको, त्यातली लोखंड-शिशाची घाण एन्झाइमला बाधते.

टिळकवाडी_कट्टा:
एक आगाऊ प्रश्न. नेटवर शोधलं तर अमुक बुरशीचं कायटिनेज, तमुक बुरशीचं कायटिनेज, प्युरिफिकेशन अँड कॅरेक्टरायझेशन, शेकड्यानं पेपर दिसताहेत. सगळ्यांचं पीएच पाच आणि तापमान पन्नास. मग जांबोटीच्या मातीतलं आणखी एक कशाला?

जांबोटीकर:
ऑऽ लागलं.

धारवाडी_पेढा:
प्रश्न रास्त आहे. त्यातले निम्मे पेपर डिग्रीसाठीच आहेत, मीही त्यात भर घातलीय. पण पीएच पाच हा आकडा तरी अथणीकरांनी पुढं विचारायला हवा, त्यांच्या जमिनीचा पीएच किती?

अथणीकर_ॲग्री:
आमचा सव्वाआठ. काळी, चुनखडीची. आणि जांबोटी-खानापूरकडं जांभी माती, पाऊस भरपूर, आम्लधर्मी. म्हणजे तिकडं चालणारं एन्झाइम आमच्याकडं अर्ध्या ताकदीनं चालणार?

धारवाडी_पेढा:
कदाचित त्याहूनही कमी. बुरशी स्वतःच्या आसपास आम्ल सोडून थोडी जागा आंबट करून घेते म्हणून ती निभावते, नुसतं एन्झाइम तुमच्या मातीत पडलं तर त्याला कुणी नाही. शिवाय काळ्या मातीतली चिकणमाती प्रोटीन धरून ठेवते. म्हणून पोरी, पीएचचा आलेख काढशील तेव्हा फक्त शेंडा दाखवून थांबू नकोस, आठला आणि साडेआठला किती उरतं ते पण काढ, आणि तिथं तासन्‌तास ठेवून किती टिकतं ते वेगळं काढ. तो आकडा अथणीच्या माणसाला कामाचा.

तापमानाचंही तसंच, आणि इथं तर थिसिसच्या थिसिस घसरतात. दहा मिनिटांच्या परीक्षेत ५० डिग्रीला सगळ्यात जास्त रंग आला म्हणून ऑप्टिमम ५० लिहितात. तीच परीक्षा तासभर चालव, शेंडा ४० कडं सरकेल, कारण ५० ला एन्झाइम जोरात कापतं आणि तितक्याच जोरात मरतं. ऑप्टिमम हा तुझ्या घड्याळाचा पण गुण आहे. टिकाऊपणा काढायचा तर एन्झाइम एकटं, सबस्ट्रेटशिवाय, त्या त्या तापमानाला ठेवून मधून मधून थोडं काढून एकाच ठरलेल्या तापमानाला मोजायचं.

शहापूरकर:
मेटल आयनचं काय सर? पाऱ्याचा सगळेच करतात.

धारवाडी_पेढा:
पारा सगळ्यांनाच मारतो, त्यातून कळतं काय? करायचंच तर थेंबभर कर आणि बेसिनमधे ओतू नकोस, वेगळ्या बाटलीत साठव. त्यापेक्षा तांबं कर. बोर्डो मिश्रण इथं द्राक्षाला, पानवेलीला, सुपारीला मारतात, त्या तांब्यापुढं एन्झाइम किती टिकतं हे सांगता आलं तर कुणी वाचेल तरी. आणि जमलं तर ॲलोसॅमिडिन. स्ट्रेप्टोमायसिसमधून जपान्यांनी काढलेलं, एन्झाइमांच्या अठरा नंबरच्या कुटुंबातल्या कायटिनेजच्या खाचेत बरोबर बसतं. तुझं एन्डो त्यानं बंद पडलं आणि एक्झो पडलं नाही तर दोघांची कुळं वेगळी हे आपोआप सिद्ध, एक्झो विसाव्या कुटुंबातलं. महाग आहे, ज्यांच्याकडं असेल त्यांच्याकडून चिमूटभर मागून घे.

वेदगंगाकाठ:
सर म्हंजे बाटलीतलं एन्झाइम काय मिळत न्हाई तर. मग हे वेगळं वेगळं करून बघून आमाला काय मिळालं?

धारवाडी_पेढा:
वेगळं केलं म्हणून कळलं की एकट्यानं भागत नाही. ट्रायकोडर्माची दोन कायटिनेजं शुद्ध करून रोगाच्या बुरशीच्या बियांवर, म्हणजे स्पोरवर, वेगवेगळी आणि एकत्र घालून बघितली गेली, १९९३ चं काम आहे. एकत्र घातल्यावर परिणाम कितीतरी वाढला. आता पुड्या निवडताना कुठल्या जातीची ट्रायकोडर्मा दोन्ही भरपूर सोडते हे मोजता येतं, कारण मोजायचं काय ते माहीत आहे.

आणि तुमच्या तंबाखूचीच गोष्ट सांगतो. १९९८ साली त्या ४२ किलोडाल्टनच्या एन्डोचं जीन तंबाखूत आणि बटाट्यात घातलं, अमेरिका-इटलीतल्या लोकांनी. झाडं स्वतःच एन्झाइम करायला लागली आणि अल्टरनेरिया, बॉट्रायटिस, ऱ्हायझोक्टोनिया या रोगाच्या तिन्ही बुरशींना चांगली पुरून उरली. तिथं एकट्या एन्डोनं एवढं केलं, बहुधा झाडाची स्वतःची एन्झाइमं होतीच जोडीला म्हणून. आपल्याकडं तसलं बियाणं शेतात मिळत नाही, कापूस सोडला तर बाहेरचं जीन घातलेल्या पिकाची व्यापारी लागवड होत नाही.

वेदगंगाकाठ:
बेळगावचा बटाटा पण आला मग त्यात. बरं हाय. मी कार्बेन्डाझिमचा डबा भावाच्या रानात देऊन टाकतो.

अथणीकर_ॲग्री:
भावानं काय पाप केलंय

वेदगंगाकाठ:
त्याचा हरभरा हाय, बी-प्रक्रियेला लागतंय की. ट्रायकोडर्मा न्हाई वापरत त्यो.

जांबोटीकर:
काका 😄

सर, जेल चालवलं, १२ टक्क्यांचं एसडीएस-पेज (प्रोटीन आकारानुसार वेगळं करणारं). पहिल्या पीकला बेचाळीसच्या जवळ एक ठळक पट्टा, खाली दोन अगदी पुसट. दुसऱ्याला सत्तरच्या वर एक आणि त्याशिवाय बरंच काही. पुसट पट्ट्यांकडं दुर्लक्ष करून एकच बँड लिहू का? कूमॅसीत तर एकच म्हणता येईल.

धारवाडी_पेढा:
कूमॅसीच्या रंगात एक दिसलं की त्याहून पुसट पट्टे दाखवणारा सिल्व्हर लाव, मग लिही. आणि तो ठळक पट्टाच एन्डो आहे हे तुला अजून माहीत नाही, तुझा समज आहे. झायमोग्राम कर. जेलमधे ग्लायकॉल कायटिन ओतून टाक, प्रोटीन न उकळता चालव, मग एसडीएस धुऊन काढ आणि बफरात रात्रभर ठेव. सकाळी कॅल्कोफ्लोअर व्हाइटनं रंगवून यूव्हीखाली धर, सगळं जेल निळं चमकेल आणि एन्झाइमनं जिथं खाल्लंय तिथं काळी पट्टी. ती बेचाळीसच्या समोर आली तर बेचाळीस. पुसट दोघांपैकी एकाच्या समोर आली तर इतके दिवस तू भलत्याच प्रोटीनला साखर भरवत होतीस. दुसऱ्या पीकला आधी सेफाक्रिल एस-२०० या आकारानुसार वेगळं करणाऱ्या कॉलमवर चालव, सत्तरच्या वरचं आधी उतरेल.

जांबोटीकर:
ग्लायकॉल कायटिन मागवायला टाकते. बुरशीचं नाव हर्झियानमच लिहू ना? डीएनएचा आयटीएस भाग जुळतोय.

धारवाडी_पेढा:
नुसत्या आयटीएसवर नको, हर्झियानम हा जातींचा अख्खा गोतावळा आहे, टीईएफ-१ या जीनचा सीक्वेन्स कर. तोवर हर्झियानम गट लिही.

शहापूरकर:
आणि फ्रॅक्शन कशात ठेवलीत ताई? नुसती मायनस वीसला टाकली असतील तर दर वेळी गोठून-वितळून पडतील. अर्धं ग्लिसरॉल घाल आणि लहान लहान ट्यूबांत कर, एक काढली की ती परत आत नाही. आमच्या मजल्यावरचा फ्रीजर जनरेटरवर आहे, दोन डबे माझ्याकडं ठेवायचे असतील तर सांग, शनिवारी दुपारी मी असतो.

जांबोटीकर:
येते शनिवारी. दोन नाही, एकच डबा आहे, पण फ्लो-थ्रू पण आणू का?

धारवाडी_पेढा:
आण. डीईएईला न चिकटलेलं तू फक्त डीएमएबीनं मोजलंयस.